स्कोअर बघून गेम घ्यायचा का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी नाशिककडून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच निघाला, गेमचे रिव्ह्यू आणि त्यांच्याखाली दिलेले आकडे. कुणी चिडलंय, कुणाचे पैसे गेलेत, कुणाला स्वतःच लिहायचंय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज एवढंच.

ताई, पैसे साठवून एक मोठा गेम घेतला, सगळीकडे ९ च्या वर स्कोअर होता. माझ्या लॅपटॉपवर नुसता अडकत अडकत चालतो, सगळ्या सेटिंग लो केल्या तरी तेच. मित्र म्हणतात लॅपटॉप बदल. मग रिव्ह्यूवाल्यांनी ९ कशाला दिले?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कॉलेज रोड

तुझं चिडणं बरोबर आहे, पण त्या ९ मध्ये तुझा लॅपटॉप कुणी धरलेलाच नव्हता रे. मोठ्या साइटवर रिव्ह्यू करणाऱ्याकडे बहुतेक वेळा दणकट पीसी असतो नाहीतर नवा कन्सोल, गेम त्याला कंपनीने रिलीजच्या आधी दिलेला असतो, तो त्यावर खेळतो आणि जे दिसलं ते लिहितो. खोटं नाही बोलत तो. पण चार वर्षं जुन्या ग्राफिक्स कार्डवर काय होईल हे त्याने पाहिलेलंच नसतं आणि स्कोअरमध्ये ते येत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सायबरपंक २०७७. डिसेंबर २०२० मध्ये आला, त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली होती, कन्सोलची कुणालाच नाही, वर स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओही दाखवायचा नाही, कंपनीने दिलेलाच वापरायचा अशी अट. सुरुवातीचे रिव्ह्यू झकास आले. मग लोकांनी सोनीच्या साध्या पीएस४ कन्सोलवर गेम लावला आणि गाड्या हवेत लटकतायत, माणसं दोन्ही हात ताठ पसरून टी अक्षरासारखी उभी आहेत, दर थोड्या वेळाने क्रॅश. आठवडाभरात सोनीने आपल्या स्टोअरमधून गेम काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली, परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. मेटाक्रिटिक या सगळ्यांच्या रिव्ह्यूंची सरासरी दाखवणाऱ्या साइटवर आजही त्याच गेमचे दोन आकडे आहेत, पीसीला ८६ आणि पीएस४ला ५७. म्हणजे नाव एकच आणि मधे जवळजवळ तीस गुणांचं अंतर! मला या प्रकरणात समीक्षकांपेक्षा कंपनीचा राग जास्त येतो, पण समीक्षकांनीही "आम्हाला कन्सोलवर बघू दिलेलं नाही" हे अगदी वर, मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं आणि आकडा थांबवून ठेवायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. काहींनी लिहिलं, पण आकडा दिलाच.

आता तुझ्या कामाचं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असशील तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे २ तास व्हायच्या आत रिफंड मागता येतो, कारण काहीही चालतं, "माझ्या मशीनवर नीट चालत नाही" हे तर अगदी सरळ कारण आहे. म्हणून पहिले दोन तास कॅरेक्टरचे केस आणि नाक ठरवण्यात घालवू नकोस, आधी जिथे जास्त गर्दी आणि मारामारी आहे तिथपर्यंत जा, गेम अडकतोय का बघ. आणि पुढच्या वेळी घ्यायच्या आधी स्टीमवरचे नापसंतीचे रिव्ह्यू वाच, त्यातही वीस-तीस तास खेळून मग अंगठा खाली केलेल्यांचे. अशी माणसं बहुतेक आपलं कार्ड कोणतं, रॅम किती, कुठल्या पॅचनंतर, म्हणजे अपडेटनंतर, बिघडलं हे सगळं लिहितात, कारण त्यांना गेम आवडलेला असतो आणि म्हणूनच जास्त दुखलेलं असतं. तुझ्यासारखंच कार्ड असलेला एक जरी सापडला तरी तो तुला दहा समीक्षकांपेक्षा जास्त उपयोगाचा.

हे सगळे रिव्ह्यूवाले विकले गेलेले असतात, जाहिरात दिली की ९, नाही दिली की ६. तुम्ही हे लिहिणार का छापायला घाबरणार?
– एक वाचक, सिडको

लिहिते की, घाबरायचं काय त्यात. दादा, तुमच्या म्हणण्याला आधार आहेच. २००७ मध्ये गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन नावाच्या संपादकाने केन अँड लिंच या गेमला १० पैकी ६ दिले आणि त्याच वेळी साइटभर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. बरीच वर्षं दोन्ही बाजू गप्प होत्या, २०१२ मध्ये त्याने स्वतः उघडपणे सांगितलं की जाहिराती काढून घेण्याच्या धमक्यांचं दडपण वरच्या लोकांवर होतं. म्हणजे घडलंय, नाकारायचा प्रश्नच नाही.

पण "सगळे" विकले गेलेत हे मला नाही पटत. पाकीट घेऊन ९ देणारा माणूस दुर्मिळ असतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी जो दबाव असतो तो वेगळाच आहे, आणि तो समजून घेतला तर तुमचा राग योग्य जागी जाईल. गेम मोठा असतो, चाळीस-पन्नास तासांचा, कॉपी मिळते रिलीजच्या आठवडाभर आधी, एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही ही कंपनीची अट, उठला की त्याच मिनिटाला रिव्ह्यू टाकावा लागतो नाहीतर वाचक दुसऱ्या साइटवर जातो. मग तो बिचारा रात्रंदिवस जागून संपवतो, साइड मिशन सोडून देतो, आणि जो गेम तुम्ही रोज रात्री जेवणानंतर तासभर खेळणार तो त्याने चार दिवसांत गिळलेला असतो. अशा माणसाला शंभर तासांचा गेम "उगाच लांबवलेला" वाटला तर नवल नाही, आणि तुम्हाला कदाचित तो लांबणारा भागच आवडेल. शिवाय पुढचा गेम लवकर मिळायला हवा असेल तर कंपनीशी संबंध बरे ठेवावे लागतात, हे कुणी बोलून दाखवत नाही पण डोक्यात असतंच.

खरा पैशाचा व्यवहार शोधायचा असेल तर व्हिडिओवाल्यांकडे बघा. शॅडो ऑफ मॉर्डोर या २०१४ च्या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवाल्यांना पैसे दिले होते, अट अशी की गेमबद्दल चांगलंच बोलायचं, बग म्हणजे गेममधल्या चुका दाखवायच्या नाहीत, आणि हे पेड आहे हे बघणाऱ्याला नीट कळेल असं सांगितलेलंही नव्हतं. अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार आणि ग्राहक हितावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये यावरून कंपनीला समज देऊन तडजोड करायला लावली. आपल्याकडे एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियम १४ जून २०२१ पासून आहे, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली पोस्ट असेल तर तसं लेबल लावलं पाहिजे, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशाच सूचना काढल्या. तेव्हा आवडत्या चॅनेलवर एखाद्या मोबाइल गेमचं भरभरून कौतुक चाललं असेल तर आधी डिस्क्रिप्शन उघडा, डाउनलोडची लिंक खास त्या चॅनेलच्या नावाची आहे का बघा, आणि लेबल नसेल तर कमेंटमध्ये सरळ विचारा. विचारायला लाजू नका, हा तुमचा हक्कच आहे.

मी गेम डिझाइन शिकतोय. आमचे सर म्हणाले की परदेशात डेव्हलपरचा बोनस मेटाक्रिटिकच्या आकड्यावर ठरतो. हे खरं आहे का आणि हे न्याय्य कसं?
– विद्यार्थी, पंचवटी

खरं आहे, आणि न्याय्य अजिबात नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॉलआउट न्यू वेगास, ऑक्टोबर २०१०. गेम ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला, प्रकाशक बेथेस्डा. ऑब्सिडियनच्या ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं की त्यांना एकरकमी पैसे मिळाले होते, विक्रीतला वाटा नव्हता, बोनस होता पण मेटाक्रिटिकवर ८५ किंवा जास्त आले तरच. आले ८४. एका गुणाने बोनस गेला. रिलीजच्या वेळी त्या गेममध्ये बग भरपूर होते हे मान्य, पण आज विचारशील तर त्या मालिकेतला सगळ्यात लाडका गेम म्हणून असंख्य लोक त्याचंच नाव घेतील, आणि ज्यांनी तो लिहिला, रंगवला, रात्री बसून बग काढले त्यांना तो एक गुण कुणी परत देत नाही.

आता हा आकडा बनतो कसा ते बघ. मेटाक्रिटिक २००१ पासून आहे, निरनिराळ्या ठिकाणचे रिव्ह्यू गोळा करायचे, कुणी ५ स्टार देतं, कुणी १० पैकी, कुणी १०० पैकी, सगळ्यांचं १०० मध्ये रूपांतर करायचं आणि सरासरी काढायची. पण ती साधी सरासरी नाही, काही प्रकाशनांना जास्त वजन आणि काहींना कमी, आणि कुणाला किती ते जाहीर केलेलं नाही. ५ पैकी ४ स्टार देणाऱ्याच्या मनात "छान गेम, जरूर खेळा" एवढंच असतं, त्याचे होतात ८०, आणि ८० मुळे सरासरी ८५ च्या खाली ओढली जाते. ज्याने कौतुक केलं त्याच्याच कौतुकाने बोनस बुडतो!

आपल्याकडे दिंडोरी-निफाडला काढणी जवळ आली की द्राक्षाच्या रसाचा थेंब मीटरवर टाकून शुगर बघतात, ती १८ आली म्हणजे १८, शेतकऱ्याने बघितली काय आणि व्यापाऱ्याने बघितली काय. ते मोजमाप आहे, त्यावर भाव ठरवला तर निदान वाद घालायला काही आधार तरी असतो. गेमचे ८४ हे मोजमापच नाही. कुणी गोष्टीवर खूश, कुणी बगांवर वैतागलेला, कुणाला हा प्रकारच आवडत नाही, अशा डझनावारी माणसांची मतं एका भांड्यात घोटली की जो आकडा निघतो तो त्यातल्या एकाचंही मत नसतो. ८४ आणि ८५ मधला फरक कुठल्याही समीक्षकाला खेळताना जाणवलेला नाही, तो फक्त भागाकारात तयार झालाय आणि त्यावर लोकांच्या घराचे हप्ते अवलंबून. सायबरपंकच्या वेळीही ब्लूमबर्गची बातमी होती की बोनस ९० च्या वरच्या स्कोअरशी जोडलेला होता, गोंधळ झाल्यावर कंपनीने ती अट सोडून पैसे द्यायचं ठरवलं. ठरवलं ते चांगलंच केलं, पण मुळात अट असायलाच नको होती. बग किती राहिले, वेळेत झालं का, खेळणाऱ्यांपैकी किती जण शेवटपर्यंत गेले, विक्री किती झाली, बोनस ठरवायला एवढ्या गोष्टी हाताशी असताना परक्या माणसांच्या मतांची सरासरी कशाला?

अजून एक बघ. मेटाक्रिटिकवर सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग, गेमला मात्र ७५ लागतात. म्हणजे गेमला ७० मिळाले तर पिवळा, बघणारा पुढे सरकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा राजी हा गेम, २०२० मध्ये आला, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत, राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल, आपल्या मातीतलं असं काही कन्सोलवर क्वचितच दिसलं होतं. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. रिव्ह्यूमध्ये चित्रकला आणि गोष्टीचं कौतुक झालं, लढाई अवघडलेली आणि गेम लहान अशी तक्रार झाली, आणि आकडा सत्तरीच्या आसपास थांबला. तक्रार चूक होती असं मी म्हणणार नाही, लढाईत उडी आणि वार यांचा ताल खरंच चुकतो, मीही खेळताना वैतागले. पण ज्याने फक्त पिवळा चौकोन बघितला त्याला यातलं काहीच कळलं नाही, ना चांगलं ना वाईट. तू उद्या गेम बनवशील तेव्हा करारात स्कोअरची अट दिसली तर सही करायच्या आधी वकिलाला दाखव, आणि त्या अटीच्या जागी विक्रीतला वाटा मागून बघ.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, जीटीए ५ पाहिजे म्हणून मागे लागलाय. म्हणतो आई, याला ९७ मार्क आहेत, जगात भारी गेम आहे. एम. जी. रोडच्या दुकानदारानेही चांगला गेम आहे म्हणून सांगितलं. घेऊन देऊ का?
– एक आई, नाशिकरोड

नको, वहिनी. ९७ खरे आहेत, दुकानदारही खोटं बोलला नाही, गेम म्हणून तो जबरदस्तच आहे. पण हे मार्क मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी दिलेत, मुलाच्या वयाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यात छळाचा एक प्रसंग आहे जो खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने करावा लागतो, शिव्या आहेत, स्ट्रिप क्लब आहे. डब्यावर वयाचा आकडा वेगळा छापलेला असतो, पेगी या युरोपातल्या वयाच्या शिक्क्याचा १८ आहे त्यावर, तुम्ही तो बघायचा. मोबाइलवर प्ले स्टोअरमध्येही ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं आणि खाली इन-अॅप पर्चेस आहे का तेही, मुलांच्या बाबतीत ते दुसरं तर आवर्जून बघा. त्याला गाड्या आवडत असतील तर फोर्झा होरायझनसारखा रेसिंगचा गेम बघा, एक्सबॉक्स किंवा बरा पीसी असेल तर चालेल, आणि पहिल्या दिवशी शेजारी बसून थोडा वेळ बघा तो काय खेळतोय ते. नुसतं नाही म्हटलं की तो मित्राच्या घरी जाऊन खेळेल.

ताई, समीक्षक सोडा, युजर स्कोअरच खरा ना? लोकांचा आवाज.
– सातपूर

कधी कधी. लोक गेमबद्दल बोलतायत का दुसऱ्याच कशाचा राग काढतायत हे आधी बघायला लागतं. लास्ट ऑफ अस पार्ट टू १९ जून २०२० ला आला, संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, आणि पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिकवर हजारोंनी शून्य. कुणी खेळून दिले असतील ते? गोष्ट आधीच लीक झाली होती, त्यावरून भांडण पेटलं होतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने रिलीजनंतर ३६ तास युजर रिव्ह्यू बंद ठेवायला सुरुवात केली. आपण भारतीयही यात मागे नाही, एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या मालकाच्या तोंडी घातलेल्या एका वाक्यावरून लोक एवढे भडकले की काहींनी स्नॅपडीललाच एक-एक स्टार दिला, तिचा काही संबंधच नव्हता.

आणि उलटही होतं. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या पीसी खेळाडूंना सोनीने पीएसएन या आपल्या ऑनलाइन सेवेचं अकाउंट जोडायची सक्ती जाहीर केली, जे कितीतरी देशांत मिळतच नाही. लोकांनी स्टीमवर लाखांनी नापसंती नोंदवली आणि काही दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. इथे माझी सहानुभूती पूर्णपणे लोकांकडे आहे, पैसे घेऊन झाल्यावर अट लागू केली तर ग्राहकाकडे दुसरं हत्यार काय असतं? म्हणून एकदम स्कोअर पडलेला दिसला तर स्टीमवर जो आलेख असतो तो उघडायचा, कुठल्या तारखेला पडला ते बघायचं आणि त्या दोन-तीन दिवसांतले रिव्ह्यू वाचायचे, कारण लगेच कळतं.

अजून एक, स्टीमवरचं ९५ टक्के म्हणजे १०० पैकी ९५ मार्क नव्हे. १०० जणांपैकी ९५ जणांनी अंगठा वर केला एवढाच अर्थ. "ठीक आहे, सेलमध्ये घ्या" म्हणणारा आणि "आयुष्यातला सर्वोत्तम" म्हणणारा दोघांचा अंगठा सारखाच मोजला जातो.

मग स्कोअर बंदच करून टाकावेत का?
– इंदिरानगर

युरोगेमरने २०१५ मध्ये बंद केले होते, त्याऐवजी "जरूर घ्या", "टाळा" असे शिक्के आणले, आणि २०२३ मध्ये परत ५ स्टारवर आले. वाचकाला काहीतरी चटकन कळणारी खूण हवी असते, मलाही हवी असते. म्हणून एका माणसाने आपल्या नावाने दिलेला स्कोअर राहू दे, त्याच्याशी भांडता येतं, त्याची आवड ओळखीची होते, हा ८ म्हणाला म्हणजे मला ६ वाटणार हे हळूहळू कळायला लागतं. माझं वैर आहे ते सगळ्यांच्या सरासरीशी. तिला चेहरा नाही आणि लोक तिच्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. २०१७ मध्ये झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डला एका समीक्षकाने १० पैकी ७ दिले, सरासरी ९८ वरून ९७ झाली, तर चाहत्यांनी त्याची साइट बंद पाडली. गेम तोच होता, तेवढाच सुंदर, पण एक गुण कमी झाला म्हणून एवढं! ७ देणाऱ्याचा रिव्ह्यू मी वाचला तेव्हा हत्यारं सारखी तुटतात ही त्याची मुख्य तक्रार होती आणि ती बऱ्याच जणांची आहे.

मला मराठीत गेम रिव्ह्यू लिहायचेत, सध्या फोनवरच खेळतो. मार्क देऊ का? सुरुवात कशी करू?
– अकरावी, देवळाली कॅम्प

कर, लगेच कर, मराठीत हे फार कमी लिहिलं जातं आणि स्वस्त फोनवर गेम कसा चालतो हे इंग्रजीतही फार कुणी सांगत नाही. मार्क द्यायचे तर दे, पण तुझे ५ म्हणजे काय आणि ८ म्हणजे काय हे एकदा लिहून ठेव आणि मग बदलू नकोस. ७ च्या खाली जायला भिऊ नकोस, सगळ्यांना ८ दिलेस तर १० पर्यंतची पट्टी ठेवून उपयोग काय. फोन कोणता, रॅम किती, किती तास खेळलास, फोन तापतो का, बॅटरी तासाला किती उतरते, नेट नसताना चालतो का, पैसे न भरता कुठपर्यंत जाता येतं आणि कुठल्या लेव्हलला पैसे मागायला लागतो, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच येऊ दे, ग्राफिक्सचं कौतुक नंतर. गेम स्वतःच्या पैशाने घेतला का कुणी दिला तेही. जड नको, गुळगुळीतही नको, तू मित्राला कट्ट्यावर जसं सांगशील तशा भाषेत लिही. अपडेट आल्यावर गेम बदलला तर जुन्या रिव्ह्यूला तारीख टाकून खाली भर घाल, पुसू नकोस. आणि गेम अर्ध्यात सोडला असशील तर कुठल्या लेव्हलला आणि का सोडलास ते लिही, मी सगळ्यात आधी तेच वाचते.